कितवा नको?

पेठेकाकांच्या घरी चहाला नको म्हणायची सोय नाही. म्हणजे म्हणता येतं, तोंड कुणी धरत नाही; पण तुम्ही "नको" म्हणालात की काका हातातलं पातेलं तसंच अधांतरी धरतात, चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात आणि शांतपणे विचारतात, "कितवा?"

नवीन माणूस हमखास गांगरतो. माझा नवरा निखिल पहिल्यांदा त्यांच्याकडे गेला तेव्हा त्याला वाटलं, काका चहाचं विचारताहेत. "सकाळपासून दोन झालेत," असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला तिसरा पाजला आणि चौथ्याचं आधण ठेवलं.

प्रश्न चहाचा नसतो, नकोचा असतो. काकांचं म्हणणं असं, की मराठी माणसाचे नको तीन. "पहिला शिष्टाचाराचा, दुसरा परीक्षेचा, तिसरा पोटाचा. खरा फक्त तिसरा." हे वाक्य त्यांच्या तोंडून आमच्या घराने इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलीला ते बडबडगीतासारखं पाठ आहे. ती मराठीत सलग तेवढंच बोलते, बाकी सगळी उत्तरं इंग्रजीत.

डॉ. गजानन पेठे इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवत. निवृत्त झाले ते नोकरीतून, संशोधनातून नाही. विषय आयुष्यभर एकच: निरनिराळ्या समाजांतली माणसं नाही कशी म्हणतात. दोन हजार तेरा साली आम्ही हॅमिल्टनला, रोटोटुना भागात घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडे काका आणि त्यांचे कोथिंबिरीचे वाफे आधीपासून होते. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, त्याआधीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी मुक्ता घाटापलीकडे टौरंगाला बंदरावर नोकरीला, आणि तिचा नवरा टॉम तिथेच किवीफळांच्या बागा सांभाळणारा. काका एकटेच राहायचे, पण त्यांच्याकडे बघून ते कधी लक्षात यायचं नाही. त्यांना सतत कुणाला तरी काहीतरी विचारायचं असायचं.

आम्ही सामान उतरवत होतो त्याच दिवशी ते कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात उभे राहिले. मी आपली सवयीने म्हणाले, "अहो कशाला काका, नको."

"बरं," म्हणाले, आणि जुडी घेऊन परत गेले!

मी दारात उभी, हात अर्धवट पुढे केलेला. ऐन हिवाळ्यात इथे ताजी कोथिंबीर म्हणजे काय चीज असते, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जुडी आमच्या पायरीवर होती आणि काका कुंपणावरून सांगत होते, "काल तुझा चेहरा बघायचा होता. उत्तम पडला. अस्सल आहेस." शास्त्रासाठी माणसाचा असा पोपट करणारा शेजारी मला पहिल्यांदाच लाभला होता. मी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि कोथिंबिरीच्या वड्या केल्या. वड्यांची ताटली घेऊन गेले, तर म्हणाले, "नको गं." मीही "बरं" म्हणून वळले. कुंपणापर्यंत पोचायच्या आत मागून हाक आली, "अगं ए! थांब! शाब्बास!" तेव्हापासून आमचं जमलं.

हा विषय त्यांना कुठून मिळाला, त्याची गोष्ट ते ताट समोर असल्याशिवाय सांगत नाहीत. तरुणपणी ते नगरहून इथे शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी घरी जेवायला बोलावलं. टेबलावर भाजलेले बटाटे, भाजलेला कुमारा, म्हणजे इथलं रताळं, आणि शेवटी पाव्हलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा तो फुगीर केक. बाईंनी बटाट्यांचा वाडगा पुढे केला आणि विचारलं, घेणार का? काका संस्कारी. "नो, थँक यू," म्हणाले आणि आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून हसतमुखाने थांबले.

"बाई 'नो वरीज' म्हणाल्या," काका सांगतात, "आणि वाडगा पुढे गेला! मग रताळी आली. मी पुन्हा नको म्हणालो. म्हटलं, आता तरी आग्रह होईल. तीही गेली. पाव्हलोव्हा आला तेव्हा माझी ही अवस्था, की डोळ्यांत पाणी. पण आता एकदम हो म्हणायचं कसं? इतका वेळ नको म्हणालेला माणूस गोड दिसल्यावर हो म्हणतो, हे दिसतं कसं? तोही गेला." घरी जाऊन त्यांनी आईने दिलेल्या लसणाच्या चटणीशी कोरडा पाव खाल्ला. "माझा प्रबंध उपाशीपोटी सुरू झाला. जगात तसे फार नसतील," असं म्हणून ते स्वतःच्या पानात भाताचा आणखी एक ढीग घेतात.

या गोष्टीचा सूड म्हणा, त्यांनी ब्रूसवर उगवला. ब्रूस म्हणजे काकांच्या पलीकडच्या घरातला निवृत्त प्लंबर. बारा महिने अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, घालून हिंडतो. गजानन हे नाव त्याच्या जिभेला पेलत नाही, म्हणून तो काकांना 'गॅझ' म्हणतो. एका होळीला काकांनी त्याला पुरणपोळीला बोलावलं. दोन पोळ्या झाल्यावर ब्रूस म्हणाला, "नाह, आय्'म गुड, गॅझ." काकांनी तिसरी वाढली. ब्रूस बिचारा सज्जन. ताटात आलेलं टाकायचं नाही हे त्यालाही त्याच्या आजीने शिकवलेलं. त्याने ती खाल्ली. ताट रिकामं दिसलं म्हणून काकांनी चौथी वाढली. पाचवीला ब्रूस उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "गॅझ, मेट, प्लीज." नंतर दोन दिवस तो बागेत दिसला नाही. काका मात्र हरखले होते. "त्याचा पहिलाच नको पोटाचा होता गं! मला ठाऊक होतं, पण डोळ्यांनी बघायला मिळालं!"

"काका, माणूस मेला असता."

"नमुन्याला हात लावायचा नाही," ते गंभीरपणे म्हणाले. हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. अभ्यासकाने फक्त बघायचं. माणसं चुकतील, अडखळतील, उपाशी राहतील, पण मध्ये पडून कुणाला शिकवायचं नाही. शिकवलं की नमुना बिघडला.

ब्रूसनेही त्यांचे पांग फेडले. इथले ऋतू उलटे; शरद मार्च-एप्रिलात येतो, आणि तेव्हा घरोघर फिजोआची झाडं लगडतात. बाहेरून हिरवं, आतून पेरूच्या नात्यातलं ते फळ इतकं पडतं, इतकं पडतं, की लोक बादल्या भरभरून वाटत सुटतात आणि कुणी घेत नाही, कारण घेणाऱ्याच्याही दारात झाड असतं. एप्रिलमधल्या एका सकाळी काका माझ्याकडे अक्षरशः धावत आले. हातात दोन पिशव्या. "ब्रूसने आग्रह केला! मी नको म्हणालो, त्याने परत विचारलं! मी परत नको म्हणालो, तर पिशव्या कुंपणावर टांगून पळून गेला!" त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता. "अश्विनी, ही माणसं आग्रह करतात. फक्त त्यासाठी फिजोआ लागतो."

इथल्या लोकांचं 'या, नाह', म्हणजे एकाच वाक्यात हो आणि नाही, हे त्यांना विशेष प्रिय. आपल्याला तीन फेऱ्यांत जमतं ते हे लोक एका दमात उरकतात, असं त्यांना वाटतं. एकदा ते एका मराईवर, माओरी लोकांच्या सभाघरी, पाहुणे म्हणून गेले होते. तिथल्या एका मावशीबाईंनी काकांचा नको ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि ताट पुन्हा भरलं. काकांनी त्या बाईंना वाकून नमस्कार केला. आजही कुठे "किया ओरा" असा माओरी नमस्कार ऐकू आला की काकांना आधी ते ताट आठवतं आणि मग बोलणाऱ्याकडे लक्ष जातं.

वैताग यायचा तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला. प्रसादाच्या मोदकांचं तबक फिरू लागलं की काका तबकवालीच्या शेजारी उभे. नव्याने आलेली आयटीतली पोरं मोदक दिसला की झडप घालतात; त्यांना भूक असते आणि घरी कुणी करून घालणारं नसतं. एकाने "हो, दोन द्या," म्हटल्याबरोबर काका कळवळून म्हणाले, "हो? एकदम हो? अरे, पुण्याचा ना तू?" तो पोरगा मोदक परत ठेवायला लागला. मग माझ्याकडे वळून काका म्हणाले, "शब्द विसरल्याने भाषा जात नाही गं. माणूस पहिल्या विचारण्याला हो म्हणायला लागला, की समजायचं, निघाली." मी म्हणाले, "काका, तुम्ही बाजूला व्हा, रांग खोळंबलीय."

तर असे हे काका दोन हजार सतराच्या हिवाळ्यात ओल्या डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, घसरले आणि डावं मनगट मोडून बसले. मुक्ता त्याच दिवशी कैमाईचा घाट उतरून आली. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत, आणि मध्येच एखादा मराठी शब्द अगदी सुमनकाकूंच्या वळणाचा. मी खिचडी घेऊन गेले होते. स्वयंपाकघरातून मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा, कम अँड लिव्ह विथ अस. मागची रूम रिकामीच आहे. ओन बाथरूम अँड एव्हरीथिंग."

"नको गं," काका म्हणाले. "तुमची कशाला अडचण."

 मग मुक्ता म्हणाली, "ओके. इफ यू'र शुअर," आणि भाताला किती शिट्ट्या देतात ते विचारायला माझ्याकडे आत आली. तिच्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही. कुकरकडे बघत होते.

मनगट बरं झालं. पण काका बिघडले. कुणाला कितवा म्हणून विचारेनात. मी चहा नको म्हणाले तर मुकाट्याने पातेलं खाली ठेवायला लागले. वसंत आला तरी कोथिंबीर पेरली नाही. कढीपत्त्याची कुंडी आमच्याकडे आणून ठेवली, "तुमच्याकडे ऊन चांगलं येतं," म्हणून. ऊन दोन्ही घरांना एकच येतं. पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून हॉलमध्ये रचली.

दर रविवारी मुक्ताचा फोन यायचा, तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, आणि कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मलाही सगळं ऐकू यायचं.

"टौरंगाला थंडी कमी ना गं?"

"या, मच वॉर्मर."

"इथे बघ, सकाळी नळाला हात लावत नाही."

"बाबा! हीट पंप लाव ना!"

"लावतो की. मला काय, मी कुठेही राहतो. मला कसलाच त्रास नाही."

"ग्रेट! गुड ऑन यू, बाबा."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ तिथेच बसून राहायचे. मी चिमटे तोंडात धरून विचार करायचे, की हा माणूस असा आडून आडून काय बोलतोय?

मार्चमधल्या एका शनिवारी मी वाटीभर आमटी घेऊन गेले तर ते आणखी एक खोकं भरत होते. "काका, हा पसारा कशासाठी?"

"असू दे. ऐनवेळी धावपळ नको."

"कसली ऐनवेळ?"

काका चहा करायला उठले. त्यांनी पातेलं हातात घेतलं आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके महिने कसा पडला नाही, देव जाणे.

"काका," मी म्हणाले, "मुक्ताला नको म्हणालात ना, तुमचा हात मोडला तेव्हा? तो कितवा?"

पातेलं अधांतरी राहिलं. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पहिला," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. सगळ्या जगाच्या नकाराचा अभ्यास केलेला हा माणूस, शर्टाला इस्त्री करून दर रविवारी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला होता! मी फोन काढला. "मी आत्ता सांगते मुक्ताला."

"नाही. नमुन्याला हात लावायचा नाही."

"काका, ती तुमची मुलगी आहे, नमुना नव्हे!"

"म्हणूनच." ते खुर्चीत बसले. "तू सांगितल्यावर तिने विचारलं, तर ते विचारणं तुझं. आणि तिचं चुकलंय कुठे? लहान असताना सुमन तिला आग्रह करकरून भरवायची. पोर रडायची, म्हणायची, आय सेड नो. शाळेत तिला सांगायचे नो म्हणजे नो, घरी आल्यावर कुणी ऐकायचं नाही. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं, की या घरात मुक्ताचा नको पहिल्यांदाच ऐकायचा. सुमनला फार जड गेलं. पण तिने पाळलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आम्ही तिच्या नकाराचा मान ठेवला. ती माझ्या नकाराचा ठेवते. मी शिकवलेलंच करते आहे बिचारी."

त्यांचं म्हणणं पटत होतं. पण संतापही येत होता. "मग नमुना ती नाहीच, काका," मी म्हणाले. "नमुना तुम्ही आहात. बसा बघत स्वतःकडे." आणि आमटी तशीच ठेवून घरी आले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, मुक्ता स्वतःच आली. काकांनीच बोलावलं होतं जेवायला, आणि मलाही. साबुदाण्याची खिचडी जरा गोळा झाली होती, पण कुणी तक्रार केली नाही. जेवणं झाली. मुक्ता सिंकपाशी भांडी घासत होती, काका फडक्याने पुसत होते, मी टेबल आवरत होते.

"मुक्ता," काकांनी घसा खाकरला, "मराठी संभाषणात नकाराच्या तीन पायऱ्या असतात. पहिला शिष्टाचाराचा, दुसरा..."

"बाबा, आय नो द थ्री नोज. मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

"मग त्या दिवशी एकदाच का विचारलंस?"

मुक्ताने नळ बंद केला. कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही.

"बिकॉज यू टॉट मी दॅट!" ती वळली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत फेसात होते. "यू अँड आई! एकदा नो म्हणजे नो. यू सेड नो, बाबा. मला वाटलं, यू डोन्ट वॉन्ट टू लिव्ह विथ मी. मी पूर्ण घाट रडत गेले. टॉम म्हणाला परत विचार, मी म्हटलं, नाही, ते बाबांना डिसरिस्पेक्ट होईल."

काकांच्या हातातली ताटली ओलीच राहिली. आयुष्यभर माणसांच्या नकाराचे प्रकार लावत आले होते. ऐकणाऱ्याला तो कुठे लागतो, हे त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"परत विचारू?" मुक्ता म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"छे छे, नको," काका म्हणाले, "उगाच तुम्हाला कशाला..."

"काका!" मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडून ब्रूसने "ऑल गुड, गॅझ?" म्हणून विचारलं.

काकांनी तोंड मिटलं. मग मोठा श्वास घेतला आणि गरम घास गिळावा तसं डोळे बारीक करून म्हणाले, "हो."

"हो?"

"हो. एकदम हो." आणि दुसऱ्या क्षणी मुक्ता फेसाळ हातांनी त्यांच्या गळ्यात पडली. फडकं, ताटली, चष्मा, सगळं ओलं झालं. मी आमची कढीपत्त्याची कुंडी बघायच्या निमित्ताने बाहेर गेले. तिला काही झालेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात खोकी गाडीत चढली. ब्रूसने फिजोआची बादली डिकीत कोंबली आणि काकांनी दोनदा नको म्हटलं तरी काढली नाही. काका मुक्ताशेजारी पुढे बसले. त्यांनी पट्टा लावला, काच खाली केली.  आता कुंपणापलीकडून कोण मला अस्सल म्हणणार होतं?

"टौरंगाला राहायला या सगळे," काका म्हणाले. "येशील ना?"

माझ्या ओठांवर हो आलं होतं. ते मी गिळलं. "नको हो काका," मी म्हणाले. "तुमची कशाला अडचण."

त्यांचा चेहरा असा उजळला, की पुरणपोळीच्या दिवशीही उजळला नसेल. मुक्ताने गाडी मागे घेतली. ती रस्त्याला लागली आणि काकांचं डोकं काचेतून बाहेर आलं. "अगं, ये गं!" गाडी ब्रूसच्या दारापुढून गेली तरी ते ओरडतच होते. "ये म्हणतो ना!"

"बाबा, सीट बॅक," मुक्ताचा आवाज आला. "शी सेड नो."

"तू गाडी हळू घे गं," काका म्हणाले. "तो पहिला आहे."